एका घरी एक पायली

सौंदडच्या आठवडी बाजारात लाखोरीची डाळ सगळ्यांकडे होती आणि कोणाकडेच नव्हती. सरकारची बंदी होती ना! लाखोरी खाल्ली तर पाय जातात, माणूस लुळा होतो, म्हणून ती विकायची नाही. पिकवायला मात्र मनाई नव्हती. आता पिकवलेली काय तळ्या-बोडीत नेऊन ओतायची, हे कोणत्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. मग केवळराम डाळवाला ती 'ढोराचं खाद्य' म्हणून मागच्या दारानं द्यायचा आणि उरलेली बेसनात दळून पुढच्या दारानं खपवायचा. बाया पदराखाली टोपली घेऊन बसायच्या. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा सगळा मामला.

एकटी शामकला तेवढी नाव घेऊन ओरडायची. "लाखोरी घ्या वो, लाखोरी! माह्या बांधीतली लाखोरी!"

शामकला पन्नाशीची. नवरा लवकर गेला, धानाच्या बांध्यांची दोन एकर जमीन मागं राहिली, आणि जीभ आधीपासूनच होती. धान कापायच्या पंधरा दिवस आधी ती उभ्या धानात, ओल्या चिखलात लाखोरी फेकायची. नांगर नको, खत नको, पाणी नको. धान निघाला की खालून हिरवीगार लाखोरी वर यायची. झाडीपट्टीत ह्याच डाळीचं वरण, हिच्याच पाल्याची भाजी, आणि लग्नात हिचेच वडे. ज्याच्या मांडवात लाखोरीचे वडे नव्हते त्याला विचारा, पाहुणे काय बोलून गेले ते.

पण शामकलाकडून लाखोरी घेणं म्हणजे शाळेत नाव घालण्यासारखं होतं. एका घरी एक पायली, हा तिचा नियम. पायलीचं माप टोपलीत बुडवायच्या आधी ती गिऱ्हाइकाकडून म्हणून घ्यायची. "रातभर भिजव, पाणी फेक. मंग उकळ, तेही पाणी फेक. मंगच शिजव. भातासंगं खाय. हप्त्यातून दोनदा, तिसऱ्यांदा नाही. म्हण!"

"अवो बाई, मले डाळ दे, धडा नको," एखादा चिडायचा.

"मंग केवळरामकडं जा. तो मुक्यानं देते."

ह्या हट्टाचं कारण तिच्या शेजारीच बसलेलं असायचं. तिचा मोठा भाऊ उदाराम. बाजार भरायच्या आधी तो बैलबंडीतून यायचा, सगळे उठून गेल्यावर परत बंडीत चढायचा. मधल्या वेळात पायांवर पोतं पांघरून डाळ निवडत बसायचा. त्याला चालताना सौंदडच्या फार थोड्या लोकांनी पाहिलं होतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडं तो परत कधी बघत नसे. आपल्या मापातून असा दुसरा उदाराम घडू नये, एवढंच शामकलाचं म्हणणं होतं. बाकी सरकार, कायदा, बंदी ह्यांच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये गोंदियाहून अन्न निरीक्षकांची जीप आली. बातमी जीपच्या आधीच बाजारात पोचली आणि अर्ध्या तासात बाजारातली सगळी लाखोरी ढोराचं खाद्य झाली. केवळरामनं तर शटर ओढलं आणि घरी मयत झाल्याचं सांगून पाठवलं. त्याच्या घरचे सगळे शेजारच्या हॉटेलात आलुबोंडे खात बसले होते, ती गोष्ट वेगळी.

शामकला जागची हलली नाही.

"हे काय आहे?" निरीक्षकांनी टोपलीकडे बोट करून विचारलं. पाठारे साहेब. पुण्याकडचा तरणा माणूस, नवीन नोकरी, नवीन बूट.

"जयभीम, साहेब. लाखोरी होय."

साहेबांना याची सवय नव्हती. "म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"आता लाखोरीले हरभरा म्हणू काय, बाप्पा?"

बाजार हसला. साहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात त्यांची नजर उदारामशेजारी पडलेल्या दोन काठ्यांवर गेली, आणि त्यांच्यासोबतच्या शिपायानं, कोणी सांगितलं नसताना, उदारामच्या पायांवरचं पोतं उचललं. आत दोन वाळलेल्या फांद्यांसारखे पाय एकमेकांवर चढून बसले होते.

"हे बघा!" साहेब म्हणाले. "पुरावा तुमच्या शेजारी बसलाय आणि तुम्ही खुशाल विष विकताय?"

भोवती लोक वाकून बघायला लागले. उदारामनं मान खाली घातली. "मी काय नमुना होय?" तो एवढंच म्हणाला, तेही डाळीशी.

शामकलाच्या अंगाची लाही लाही झाली. ती उठली, शिपायाच्या हातातून पोतं हिसकलं आणि भावाच्या पायांवर नीट घातलं. मग साहेबांकडं वळली.

"पुरावा पाहाचा हाये ना? मंग पुरा पाहा. सतरा वर्षाचा होता हा. त्या साली धान जळाला. हा तलावाच्या खोदकामावर गेला. ठेकेदार मजुरीत लाखोरी दे. सकाळी लाखोरी, संध्याकाळी लाखोरी. भाताचं शीत नाही. पाणी फेकाले टाइम नाही, उकळाले लाकडं नाही. चार महिने. एक दिवस सकाळी उठाले गेला तं पाय उठलेच नाही. अन् आमच्या घरी मी हीच लाखोरी खाऊन मोठी झाली. पाहा, पळून दाखवू काय?"

"तेच तर म्हणतोय मी, बाई." पाठारे साहेब खाली बसले, हे मात्र मान्य करायला हवं. माणूस वाईट नव्हता. "किती खाल्ली की पाय जातात, कोणाचे जातात, कोणाचे नाही, हे अजून कोणाला नक्की ठाऊक नाही. नक्की कळेपर्यंत लोकांच्या पायांवर प्रयोग करायचा का? शंका आहे तोवर बंदी. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं."

"फुंकून प्या ना! मीबी फुंकूनच पाजून राहिली. तुमी तं मडकंच फोडून राहिले." शामकलानं बाजाराच्या त्या टोकाला हात केला. "अन् तुमच्या बंदीनं थांबली काय लाखोरी? केवळरामच्या बेसनात जाऊन पाहा. त्या बेसनासंगं कोणी सांगते काय, पाणी फेक म्हणून? चोरून विकणारा सांगतच नाही, साहेब. ज्याले नाव घ्याची चोरी, तो धोका काय सांगन?"

साहेबांनी टोपली आणि तिच्यामागची दोन पोती जप्त केली, बाटलीत नमुना भरला, लाखेचं सील मारलं आणि पंचनामा लिहायला घेतला. शामकला शेजारी उभी.

"लिहा, ही बाई एका घरी एकच पायली देते. पाणी दोनदा फेकाले लावते. भातासंगं खा म्हणते."

"हे लिहायला रकाना नाही, बाई."

"मंग पाडा रकाना. पोती नेता, अन् गोष्ट काऊन ठेवून जाता?"

पाठारे साहेबांनी कागद फिरवून पाहिला, कुठं जागा उरली नव्हती. मग कागदाच्या खाली, समासात, बारीक अक्षरात ते वाक्य लिहिलं. शामकलानं अंगठा दिला नाही, सही केली. वाचण्या-लिहिण्यापुरतं शिकली होती ती.

पुढच्या बाजारी ती नवी टोपली घेऊन तिथंच बसली. त्या दिवशी तर दुप्पट जोरानं ओरडली. केस गोंदियाच्या कोर्टात पडून राहिली. तारखेला ती लाल डब्यातून जायची आणि कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला लाखोरी कशी शिजवायची ते शिकवून यायची. न्यायाधीश बदलले, वकील बदलले, शामकला तीच राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळायला तयार नव्हता.

पाचेक वर्षांनी पेपरात आलं, लाखोरीवरची बंदी उठली. बाजारात एकच गलका. केवळरामनं पेढे वाटले आणि दुकानावर 'शुद्ध लाखोरी मिळेल' अशी पाटी लावली. इतकी वर्षं काय अशुद्ध विकत होता काय, हे त्याला कोणी विचारलं नाही. लोक शामकलाकडं येऊन म्हणाले, "जिंकली वो बाई तू! आता तं दोन पायल्या दे."

"बंदी उठली," शामकला म्हणाली, "पाय तं तेच हायेत ना? एका घरी एक पायली. पाणी किती वेळा फेकाचं? म्हण!"

त्याच फाल्गुनात केवळराम एका माणसाला घेऊन तिच्या ओसरीवर आला. केशोराव ठेकेदार. गावापासून तीन कोसांवर कालव्याचं खोदकाम निघालं होतं, ते याच्याकडं. टोलीतल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, बायांनी त्या वर्षीची लाखोरी शामकलाच्याच ओसरीत आणून रचली होती, कारण तिची जीभ चालते आणि तिच्यावर भरवसा आहे. तीस पोती होती.

"सगळी घेतो," केशोराव म्हणाला.

बाया दारातून ऐकत होत्या. त्यांतल्या सुशिलाबाईनं तर हात जोडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उजळ माथ्यानं, एका फटक्यात सगळी लाखोरी जाणार होती.

"घरं किती?" शामकलानं विचारलं.

"घरं कशाची? लेबर आहे. छत्तीसगडचे, दीडशे लोक. पावसापर्यंत काम. खाणं माझ्याकडं."

"अन् भात?"

"भात कुठून घालू? डाळ घट्ट केली की पोट भरते."

"पाणी कोण फेकन?"

केशोराव हसला. "अहो बाई, दीडशे माणसांच्या गंज-पातेल्यातलं पाणी कोण फेकत बसते?"

चार महिने. खोदकाम. नुसती लाखोरी. शामकलानं मागं वळून पाहिलं. उदाराम भिंतीशी बसून डाळ निवडत होता, पण त्याचा हात थांबला होता.

"नाही देत," ती म्हणाली.

केशोरावला वाटलं बाई भाव वाढवते आहे. तसं नाही हे कळल्यावर त्याचा आवाज चढला. "सरकारनं बंदी उठवली, ठाऊक आहे ना? म्हणजे धोका नाही. धोका आहे असा एक कागद दाखव, मी आत्ता परत जातो."

"मी काऊन दाखवू?" शामकला उभी राहिली. "खाऊ तू घालून राहिला, तं तू दाखव. चार महिने नुसती लाखोरी खाऊन, माती खोदून, धडधाकट परत आलेला एक माणूस घेऊन ये. नाही भेटला, तं तू खाय. तुह्या घरचे खाऊ दे. पावसाळ्यात चालत आला माह्या ओसरीवर, तं तीसच काय, साठ पोती देईन. तोवर एक दाणा नाही."

केशोराव पाय आपटत निघून गेला. मग बाया आत आल्या, आणि सुशिलाबाईनं तोंड सोडलं.

"तुही मती फिरली काय वो? बंदी होती तं छातीठोक विकली. आता सूट भेटली, तं नाही म्हणते?"

"तेव्हाबी मीच ठरवलं, आताबी मीच ठरवीन."

"तुह्या दोन पोत्यांचं ठरव. आमचं कायले ठरवते?"

शामकला वाटेतून बाजूला झाली. बायांनी आपापली पोती उचलली. दुपारपर्यंत तिची दोन पोती सोडून ओसरी रिकामी झाली आणि केशोरावसाठी केवळरामचा ट्रॅक्टर भरला. जन्मभर ज्यांच्याशी एका बांधीत राबली त्या बाया तोंड फिरवून गेल्या, आणि शामकला रिकाम्या ओसरीत बसून रडली. रागानंच रडली, पण रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोंदिया गाठलं. पाठारे साहेब त्याच कार्यालयात होते. बूट जुने झाले होते, पोट नवीन आलं होतं. त्यांनी ओळखलं आणि खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"बंदी उठली, शामकलाबाई. आता माझ्या हातात काही नाही."

"शंका होती म्हणून माही दोन पोती नेली तुमी. आता दीडशे माणसांची शंका कुठं गेली?"

"तुमचं खरं आहे. पण कायद्याला दोनच गोष्टी कळतात. सगळं बंद, नाहीतर सगळं सुरू. मधलं, ते तुमचं एक पायली, पाणी फेका, भातासोबत खा, त्याला रकाना नाही." मग त्यांनी उठून कपाटातून एक जुनी फाइल काढली, शिपायाला झेरॉक्सला पाठवलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिचाच पंचनामा होता, समासातल्या बारीक अक्षरांसकट. "लाखोरी कशी खावी हे सांगणारा माझ्या कार्यालयातला हा एकच कागद आहे. न्या."

रात्री ती घरी परतली. सकाळी उठून बघते तर उदाराम बंडीत बसलेला होता. बैल जुंपलेले.

"तू कुठं?" शामकलानं विचारलं.

"तू जाते तिथं."

भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ते कालव्यावर पोचले. ताडपत्रीच्या झोपड्या, मातीचे ढीग आणि तीन दगडांच्या चुलींवर चढलेले मोठमोठे गंज. त्यांत लाखोरी रटरटत होती, वर पिवळा फेस. भाताचं भांडं कुठंच नव्हतं. लोक ताटल्या घेऊन ओळीत बसले होते, बहुतेक विशी-पंचविशीतले. काम सुरू होऊन आठवडाच झाला होता.

शामकलानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला लागली. पाच-सहा शब्द वाचले असतील, केशोराव आला. त्यानं कागद ओढून घेतला, वरून खाली पाहिला आणि खो-खो हसत सुटला.

"अरे, हा तर हिच्यावरच्या केसचा कागद आहे! आरोपी शामकला! ये देखो, मुजरिम भाषण देने आई है!"

मजूर हसले. हसतील नाही तर काय? त्यांना मराठी कळत नव्हती, भूक कळत होती. एका म्हातारीनं गंजात पळी घातली. शामकला हिंदीत सांगायला गेली तर रागानं तिच्या तोंडून शब्दच फुटेना. इतक्या वर्षांत तिची जीभ पहिल्यांदा अडली.

तेव्हा मागून बंडी करकरली.

उदाराम उतरत होता. शामकला धावली तर त्यानं हातानंच तिला थांबवलं. त्यानं पायांवरचं पोतं बंडीतच टाकलं, धोतर मांडीपर्यंत वर खोचलं आणि दोन्ही काठ्या जमिनीत रोवल्या. मग तो चालला. टाचा जमिनीला लागत नव्हत्या, चवड्यांवर लटपटत होता, एक गुडघा दुसऱ्याला घासून अडकायचा, तो सोडवायला त्याला सगळं अंग पिळावं लागायचं. बंडीपासून चुलीपर्यंत वीस पावलं असतील. एवढ्या लोकांसमोर तो जन्मात कधी चालला नव्हता. हसणं पहिल्या तीन पावलांतच बंद पडलं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

चुलीपाशी पोचून त्यानं काठीचं टोक गंजाला लावलं.

"मैं भी खोदनेच गया था," तो म्हणाला. श्वास लागला होता, पण आवाज स्पष्ट होता. "सत्रा साल का था. येई दाल. चार महीना. चावल नहीं. देख लो. आज मैं नमुना हूँ, बराबर देख लो."

"हा जन्माचाच लंगडा आहे!" केशोराव ओरडला. "खोटं बोलते! सिद्ध कर म्हणावं!"

पण त्याच्याकडं आता कोणी बघत नव्हतं. पळी धरलेल्या म्हातारीनं उदारामचे पाय बघितले, मग ओळीत बसलेल्या आपल्या दोन लेकांचे पाय बघितले. पदराचं टोक हाताला गुंडाळून तिनं गंज कलता केला. पिवळं पाणी चुलीत गेलं आणि चूल विझली. मग ती केशोरावसमोर जाऊन उभी राहिली.

"चाउर कहाँ हे?" तिनं विचारलं. तांदूळ कुठं आहे?

केशोरावनं धमकावलं, दुसरे मजूर आणतो म्हणाला, हातापायाही पडला. दीडशे माणसं फावड्यांवर बसून राहिली. शामकलाची जीभ तोवर मोकळी झाली होती. ती चुली-चुलीवर फिरून, मोडक्या हिंदीत, किती वेळा पाणी फेकायचं ते म्हणून घेत होती. दिवस कलायच्या आत तांदळाचा ट्रॅक्टर आला. धानाच्या जिल्ह्यात तांदूळ मिळत नाही, असं सांगायला केशोरावलाही तोंड नव्हतं.

परतीच्या वाटेवर शामकलानं नेहमीसारखं पोतं उचललं आणि भावाच्या पायांवर घालायला गेली. उदारामनं ते बाजूला सारलं.

"राहू दे. दिसू दे."

पुढच्या बाजारी तो दिवस वर आल्यावर आला, सगळ्यांच्या मधून चालत, बसत-उठत. सुशिलाबाईनं बघितलं, उठली आणि त्याला वाट करून दिली. शामकलानं ते पोतं जमिनीवर अंथरलं आणि त्यावर लाखोरी ओतली. पहिल्या गिऱ्हाइकानं पायलीकडं हात केला, तेव्हा उदारामनंच विचारलं, "पाणी किती वेळा फेकाचं? म्हण."